आमच्या पेरूवरची पांढरी खार

आमच्या परसातली पांढरी खार काल मेली. मेली म्हणजे मारली.

ज्यांनी तिच्या रील काढल्या त्यांनी इथं खाली रडके इमोजी टाकू नका. सकाळपासून डिलीट करून करून बोटं दुखून राह्यलीत माझी.

ज्यांना माहीत न्हाई त्यांच्यासाठी सांगते. आम्ही बदनापूरला राहतो, मी आणि आई. मी जालन्याला एमआयडीसीत एका बियाण्याच्या प्लांटमध्ये लॅबला आहे. घरामागं एक पेरूचं झाड आहे.

दिवाळीनंतर त्या झाडावर ती दिसली. ओल्या खोबऱ्यासारखी पांढरी. पाठीवर एक पट्टा न्हाई. डोळे मात्र काळेभोर.

मी नेटवर शोधलं. अशांना ल्युसिस्टिक म्हणतात, केसांत रंगच उतरत न्हाई, डोळ्यांत उतरतो. आजार न्हाई, शाप न्हाई, चमत्कार पण न्हाई.

बाकीच्या खारींना काही फरक पडत नव्हता. पेरूवरून तिच्याशी बराबर भांडायच्या.

आई म्हणली, "कोणाला सांगू नको गं. लोकं सुखानं जगू देत न्हाईत."

आईला अनुभव आहे. मला चौदाव्या वर्षी कोड आलं. आधी बोटं, मंग दोन्ही हात, मंग ओठांच्या कडा.

कोड शिवल्यानं होत न्हाई, हे डॉक्टरांनी गल्लीत येऊन सांगायचंच बाकी राह्यलं होतं.

बाजूच्या काकूंच्या मुलीच्या हळदीला मी गेल्ते. वाटीत बोट बुडवलं तेवढ्यात काकू म्हणल्या, "तू राहू दे बाई. तू फोटो काढ."

मी फोटो काढले. चांगले आल्ते.

तर खार काकूंनीच त्यांच्या गच्चीवरून बघितली. पहिलं वाक्य काय? "ई! हिच्या पाठीवर देवानं बोटं फिरवली न्हाईत वाटतं. अपशकुनी दिसते."

आठ दिवसांनी त्यांच्या जावयानं कुठंतरी व्हिडिओ बघितला. त्यात म्हणे पांढरी खार म्हणजे साक्षात लक्ष्मी.

दुसऱ्या दिवशी त्याच काकू हळदीकुंकवाचं ताट घेऊन आमच्या दारात.

आई म्हणली दार लाव. मी उघडलं.

मंग काय, रील निघाली. अंबडहून एक कुटुंब गाडी करून आल्तं. खोडाला कुंकू, फांद्यांना लाल दोरे, बुंध्याशी पेढे. अहो, खार पेढे खाते का? मुंग्यांची चैन झाली. ती बिचारी दिवसभर शेंड्याला बसून राहायची, खालीच यायची न्हाई.

आता खरं लिहिते, कारण आज खोटं बोलायची ताकद न्हाई.

मला ते आवडत होतं.

आमच्या घरात वर्षानुवर्षं कोणी टेकलं नव्हतं, तिथं बायका मांडी घालून बसायला लागल्या. काकूंनी चहा घेतला. मी केलेला, माझ्या हातचा. अर्धा कप अजून मागितला. त्या दिवशी ऑफिसात मी उगाच हसत होते.

आई म्हणली, "त्या तुझ्यासाठी न्हाई येत." मी आईवर ओरडले. दोन दिवस बोलले न्हाई तिच्याशी.

परवा काकू आल्या. "पुण्याहून नात येऊन राह्यली. तिला जवळून दाखवावं म्हणते. तुमच्याकडं उंदराचा पिंजरा आहे ना?"

मी दिला.

नुसता दिला न्हाई, घासून धुवून दिला. आत शेंगदाणे लावले. काकू म्हणल्या, "तासाभरात सोडते गं, बिलकुल टेन्शन घेऊ नको."

काल सकाळी मी ड्युटीला निघाले, आई डोळे तपासायला जालन्याला गेल्ती. परसात कोणी नव्हतं, काकूंनी पेरूखाली पिंजरा लावला आणि शेंगदाण्यापायी खार लगेच अडकली. नातीची गाडी दोन तास लेट होती.

मांजर नको म्हणून काकूंनी पिंजरा गच्चीवर ठेवला. पत्र्याचा पिंजरा, आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन. पाण्याची वाटी न्हाई. आणि काकू जेवून खाली कूलरसमोर झोपल्या.

मी संध्याकाळी आले तर गच्चीवर सात-आठ जण गोल करून उभे. जाळीला घासून घासून तिचं नाक सोललं होतं. नात हमसून रडत होती. त्या लेकराला मी काही म्हणत न्हाई.

काकू म्हणल्या, "तिचं आयुष्य तेवढंच." आणि त्याच दमात, "तुमच्या पेरूखाली छोटी समाधी बांधू. गुरुजींना विचारते."

मी पिंजऱ्याचं दार उचललं.

"तू थांब," काकू म्हणल्या. "तू नको शिवू. देवाचं आहे ते."

मी केलेला चहा पिऊन त्यांना चार दिवस पण झाले नव्हते.

एकानं मोबाईल वर धरला होता, तो त्यानं तसाच चालू ठेवला.

मी हात घातला. दोन्ही हात. तिला बाहेर काढलं, ओढणीत घेतलं आणि जिना उतरले. अंग अजून गरम होतं तिचं, उन्हानं.

कुठं पुरली ते सांगणार न्हाई. आईला पण सांगितलं न्हाई. कुंकू घेऊन शोधत फिरू नका.

काकू, तुमची सून हे वाचून दाखवेलच. माझ्या दारात परत पाऊल टाकू नका. कशालाच न्हाई.

आणि तू, बाई. तुझ्या जिवावर मी चार बायकांत बसून घेतलं. शेवटी त्यांनी मला उठवलं ते उठवलंच, तू मात्र गेलीस.

तुला श्रद्धांजली वाहायचं तोंड मला न्हाई. जा. माफ करू नको.