वर्षश्राद्धाला कुर्लीचं गाणं

चाळीस वर्षं मी रॉक गिटार वाजवतोय. मालवणात राहून, दिवसा कचेरीत कारकुनी करून. माझा मामा जहाजावर नोकरीला होता. तो सुट्टीवर येताना एक इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला. ती त्याला वाजवता येईना आणि परतही देता येईना, म्हणून माझ्या गळ्यात पडली. गल्लीतल्यांना वाटलं, हे वेड चार महिन्यांत उतरेल. त्यातले काही जण आता नाहीत, वेड आहे.

गिटार आली तरी ड्रमर नव्हता. तो मला देवळाच्या जत्रेत सापडला. दशावतारी नाटकात पखवाज वाजवत होता. रंगमंचावर राक्षस नाचत होता आणि मी राक्षसाकडे न बघता त्या हातांकडे बघत बसलो. नाटक संपल्यावर जाऊन विचारलं, "ड्रम वाजवतलंस काय?"

"ड्रम म्हंजे कसलो?" तो म्हणाला.

मी हातवारे करून दाखवलं. तो विचार करून म्हणाला, "बसान वाजवचो आसात तर वाजवतंय."

त्याची स्वतःची होडी होती. पहाटे समुद्र, सकाळी जेटी, दुपारी झोप आणि संध्याकाळी त्याच्या पडवीत आमची तालीम. त्याच्या ड्रमला बांगड्यांचा वास यायचा. आम्ही दोघांनी मिळून मालवणीत एक गाणं रचलं होतं, कुर्लीवर, म्हणजे खेकडीवर. 'कुर्ले, खंय चल्लंस गो वाकड्या वाटेन' अशी त्याची सुरुवात. लग्नं, गणपती, शाळांची स्नेहसंमेलनं, सगळीकडे ते गाणं मागून घेतलं जाई. वेंगुर्ल्यात एका नवरदेवाने वरातीत ते तीनदा वाजवायला लावलं, तेव्हा नवरीचे वडील आमच्याकडे फार वाईट नजरेने बघत होते.

भांडणही त्याच गाण्यावरून. पाच मिनिटांचं गाणं आमचं चार मिनिटांतच संपायचं. मी म्हणायचो, तू पळवतोस. तो म्हणायचा, "मी खंय पळवतंय? तू पळतंस म्हणान माका तुज्या फाटसून धावचा लागता." तीस वर्षं हा एकच विषय. शेवटी एकदा त्याने घरी बसून नुसते ड्रम वाजवून कॅसेट भरली आणि माझ्यापुढे धरली. "ह्येच्यावर वाजवन बघ. मगे कळतला कोण पळता ता."

मला भयंकर राग आला. मी म्हटलं, "ठेव तुज्याकडेच, सुक्या बांगड्यांवांगडा." पंधरा दिवस आम्ही बोललो नाही. मग एका लग्नाची सुपारी आली आणि बोलावंच लागलं. कॅसेटचा विषय दोघांनीही पुन्हा काढला नाही.

गेल्या वर्षी तो गेला. बोटीवर नव्हे, घरी, दुपारी झोपेत. त्यानंतर मी गिटार हातात घेतली नाही. बोटांच्या टोकांचे घट्टे जाऊन ती कारकुनासारखी मऊ झाली.

वर्षश्राद्धाला महिना उरला असताना त्याची बायको घरी आली. वहिनी मासळी बाजारात बसतात. बोलतानाही समोर गिऱ्हाईक उभं असल्यासारख्याच बोलतात. "भावजीनू, वरसाक भटजी येतलेच. पण तेंका तेवढ्यान पुरा पडाचा नाय. शाळेच्या हॉलात कार्यक्रम ठेवलंय. तुमी कुर्लेचा वाजवा."

"वैनी, वरसाक कुर्ली?"

"मगे काय वाजवतल्यात? तेंका रडगाणी आवडत नाय."

मी तर मनात एक संथ, डोळ्यांत पाणी आणणारी धून योजून ठेवली होती. ती तिथेच बारगळली. मी विचारलं, "पण ड्रम कोण वाजवतलो?"

"तेंचे तेच वाजवतले," असं म्हणून वहिनींनी पिशवीतून ती कॅसेट काढली.

त्यांची मुलगी वेंगुर्ल्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. तिने कॅसेट कुठूनशी फोनवर उतरवून घेतली आणि आम्ही त्यांच्या पडवीत तालमीला बसलो. सुरुवातीला काठ्यांवर चार ठोके, मग ड्रम. मी वाजवत गेलो. माझं गाणं संपलं, तरी फोनमधून ड्रम चालूच होते. मी घाईघाईने फोन बंद केला.

"कॅसेट जुनी आसा," मी मुलीला सांगितलं. "टेप ताणली गेली, म्हणान हळू वाजता."

"काका, टेप हळू फिरली तर आवाजपण जाडो होतलो," ती म्हणाली. "झांजेचो आवाज आसा तसोच आसा."

विज्ञानाच्या बाईंशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, तरी मी अर्धा तास घातला. पुढच्या दोन्ही तालमींत तेच झालं. मी आधी पोचायचो, तो मागे राहायचा आणि मी फोन बंद करायचो. मुलगी माझ्याकडे बघून चहा पुढे करायची.

कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी पाचला हॉल भरला. खलाशी होते, बाजारातल्या बायका होत्या, दशावतारी कंपनीतली म्हातारी मंडळी होती. अध्यक्षांनी दिवंगताला 'सागरपुत्र आणि तालसम्राट' म्हटलं. पहिल्या रांगेतल्या वहिनींनी ते ऐकून शेजारणीला काहीतरी विचारलं. बहुधा कोणाबद्दल चाललंय, असं.

मग मी उभा राहिलो. फोन स्पीकरला जोडून मुलगी विंगेत बसली होती. मी मान हलवली आणि स्पीकरमधून काठ्यांचे चार ठोके आले. वहिनींचा वारा घेणारा हात थांबला. ते ठोके मी हजारदा ऐकले असतील, पण त्यांच्यापाठोपाठ मान वळवून बघावं आणि मागे कोणी नसावं, हे पहिल्यांदाच होत होतं.

मी गायला लागलो. त्रेसष्टाव्या वर्षी कुर्लीला वाकडी का जातेस म्हणून ओरडून विचारणं सोपं नसतं. पण दुसऱ्या कडव्याला लोक टाळ्यांचा ठेका धरायला लागले, मागची खलाशी मंडळी धृपद म्हणायला लागली, आणि मला चेव आला. बोटं सोलवटली होती, तिकडे लक्ष नव्हतं. शेवटचा झणकार मी हात गरकन फिरवून काढला, गिटार उंच धरली आणि थांबलो.

ड्रम चालूच होते.

फोन बंद करायला या वेळी हाताशी नव्हता. मी विंगेकडे बघितलं. मुलीने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. दहा-पंधरा सेकंद मी गिटार उंच धरून तसाच उभा होतो आणि तो आपल्या निवांत चालीने उरलेलं गाणं वाजवत होता. लोक हसायला लागले. मीही हसलो, दुसरं काय करणार. मग त्याने शेवटची झांज वाजवली, आणि स्पीकरमधून त्याचा आवाज आला. तो आवाज मी तालमीत कधी ऐकलाच नव्हता.

"झाला? तू पयलोच पोचललंस आसतलंस. आता थांब थंयसरच, मी येतंय."

मला समोरचं काही दिसेना. तेवढ्यात स्पीकरमधून लांबून एका बाईचा आवाज आला, "येतास काय नाय जेवूक? आमटी निवली." आणि खट्‌कन टेप बंद झाली.

सगळा हॉल पुन्हा हसला. वहिनींनी पदर तोंडावर ओढून घेतला. त्या हसत होत्या की रडत होत्या, ते मला वरून कळलं नाही.

मंडळी पांगल्यावर आम्ही तिघं हॉलच्या पायरीवर चहा घेत बसलो. मी म्हटलं, "वैनी, तोच बरोबर होतो. तीस वर्सां मीच पळत होतंय."

"माका ठाव होता," त्या म्हणाल्या.

"मगे सांगलास नाय कित्याक?"

"तेवढ्याच एका गजालीसाठी तुमी रोज घराक येय होतास. ती मिटली आसती तर इलास आसतास काय?"

आलो असतो, असं मी म्हणणार होतो. मुलीने माझ्या बोटांवर पट्ट्या चिकटवल्या आणि रिक्षा बोलावली.