टाक्यांचा फोटो

नारायणगावजवळच्या एका खासगी दवाखान्यात सरकारी विमा योजनेच्या टेबलावर मी बसायचे, तेव्हाची गोष्ट. पेशंटचं रेशनकार्ड, आधार, रिपोर्ट कॉम्प्युटरवर चढवायचे, वरून मंजुरी आणायची आणि पेशंट घरी गेला की क्लेम पाठवायचा. काम मला चोख यायचं, आणि त्याचा तोराही होता. कागद विसरून आलेल्यांना मी फाडफाड बोलायचे.

डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या एका मावशींच्या आतड्याला पीळ पडला होता. ऑपरेशन झालं, पोटभर टाके. क्लेमला टाक्यांचा फोटो लागतो, तोही पेशंटचं तोंड दिसेल असा, आणि घरी सोडायच्या आधी तो काढून घ्यायचं काम माझं. त्या दिवशी मला मावसबहिणीच्या साखरपुड्याला जायची घाई. मावशींनी विचारलं, "ताई, आजून काय ऱ्हायलंय का?" पर्स उचलत मी म्हणाले, "काही नाही, जा तुम्ही."

आठवड्यानं क्लेम परत आला. फोटो नाही. डॉक्टर भडकले, तर मी तोंड वर करून सांगितलं, "ती बाई न सांगताच निघून गेली, सर." इतकं सहज निघालं तोंडातून! मग मावशींना फोन लावला. "फोटो न काढता गेलातच कशा? उद्याच्या उद्या या, नाहीतर तुमचं ऑपरेशन योजनेत बसणार नाही." लाज वाटते सांगायला, ही धमकी माझ्या मनची. क्लेम अडकला तर तो दवाखान्याचा प्रश्न होता, त्यांचा नव्हे, हे मला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आल्या. घोडेगावपर्यंत कुणाच्या तरी मोटरसायकलवर, पुढे मंचरला एसटी बदलून. पोटावर जुन्या लुगड्याची पट्टी आवळलेली. ती सोडली तर आतून ओली, आणि खालचे दोन टाके उसवलेले. तरी डॉक्टरांना हाक मारायची सोडून मी आधी मोबाईल काढला.

"कार्ड हातात धरा. पदर बाजूला घ्या, तोंड दिसलं पाहिजे."

"तोंड कशाला गं बाई?" म्हणत त्यांनी पदर खाली घेतला आणि डोळे गच्च मिटले.

"डोळे उघडा," मी म्हणाले.

डॉक्टरांनी जखम धुऊन पुन्हा टाके घातले. मावशी दात आवळून पडून होत्या. निघताना मुद्दाम माझ्या टेबलापाशी आल्या आणि हात जोडले.

"ताई, चुकलंच माझं. आडाण्याला काय कळतंय? माझ्यापायी तुमाला लई बोलणी बसली आसतील."

डॉक्टर शेजारीच उभे होते. 'चूक माझी आहे,' एवढंच म्हणायचं होतं.

"असू द्या," मी म्हणाले. "पुढच्या वेळी लक्षात ठेवा."