आप्पांनी दम दिला आणि fgetwc वाचायला लागलं

आधीच सांगतो, मी सी प्रोग्रॅमर आहे. भूतखेत, नजर, करणी यातलं काही मानत नाही. प्रोग्रॅम चालला नाही तर चूक माझीच, एवढीच माझी श्रद्धा. पण वरवंडच्या त्या मंगल कार्यालयात जे झालं ते... तुम्हीच वाचा.

साल २००५च्या आसपासचं. मी कारेगावात खोली घेऊन नोकरी करायचो. धाकट्या बहिणीचं, सुनीताचं लग्न कवठे येमाईच्या मुलाशी ठरलं. साखरपुड्यात माईकवर स्वागत करताना नवऱ्या मुलाच्या चुलत्यांचं, म्हणजे आप्पांचं नाव राहिलं - आणि आप्पा न जेवता उठून गेले! लग्नातही तसंच झालं असतं तर सुनीताला जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं. मी वडिलांना म्हटलं, माईकवाल्याचा भरवसा नको. मोठ्या पडद्यावर मानकऱ्यांची नावं फिरवू, पहिलं आप्पांचं.

प्रोग्रॅम मीच लिहिला. आता, मराठी अक्षर एका बाइटात, म्हणजे इंग्रजी अक्षराच्या जागेत, मावत नाही, म्हणून वाइड कॅरेक्टर, म्हणजे मोठ्या मापाचं अक्षर. सी मधलं fgetwc हे फंक्शन फाइलमधून अशी अक्षरं एकेक करून उचलतं. पण त्याआधी setlocale ची ओळ लिहून भाषा सांगावी लागते, नाहीतर ते पहिल्याच अक्षराला हात टेकतं.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड दारात... आणि पडदा कोरा! वडिलांचा चेहरा उतरला. तेवढ्यात आप्पाच फेटा सावरत समोर उभे.

"माझं नाव कुठं हाय?"

"आप्पा, ते... मशीन मराठी वाचेना झालंय."

आप्पांनी टेबलावर काठी आपटली. "ए! वरवंडात आलास आन् मराठी येत न्हाई व्हय? वाच म्हणतो ना!"

मी परत रन केलं... आणि पडद्यावर आप्पांचं नाव, मागोमाग 'सहर्ष स्वागत'! आप्पा पोटभर जेवले. सुनीता नवरीच्या शालूत हसता हसता रडली.

दुसऱ्या दिवशी कोड उघडला. setlocale ची ओळ कॉमेंटमध्ये पडलेली, म्हणजे कॉम्प्युटर ती बघतच नाही. म्हणजे वाचणं शक्यच नव्हतं! तीच फाइल, तोच प्रोग्रॅम घरी कितीदा चालवला - कोरा.

वर्षाने भाच्याचं बारसं. या वेळी ती ओळ नीट घातली, टेस्ट केलं, सगळं चकाचक. आणि पाहुण्यांसमोर... कोरा! सगळ्यांनी आप्पांकडे पाहिलं. ते कोपऱ्यात तोंड फुगवून बसलेले.

"मला म्हणलं का कुणी, आप्पा, मशिनीला जरा बोला म्हणून?"

"चुकलं आप्पा. बोला की."

आप्पा बोलले. चाललं.

मॅन्युअल मी पान न् पान वाचलंय. त्यात रुसव्याबद्दल काही नाही. कुणाला कारण माहीत असेल तर जरूर सांगा. तोवर आमच्याकडे कार्य निघालं की पहिलं आमंत्रण आप्पांना जातं, मग मी कॉम्प्युटर चालू करतो.