शेंगदाण्याचं तेल

आमच्या जळगावच्या गल्लीत कुणाचं शिलाई मशीन जरा खडखडलं, की शेजारचे आबा बोलावण्याची वाट बघत नसत. अमळनेरच्या तेलगिरणीत उभा जन्म गेल्यामुळे यंत्रांचं त्यांना फार कळे. निदान त्यांचा तसा समज होता. मशीनला कान लावून, डोळे मिटून ते निदान करत, "पोरी, तुन्हं मशीन उपाशी शे." मग खिशातून बाटली निघे. तिच्यात शेंगदाण्याचं तेल! हे तेल आत चिकटून बसतं, असं मी एकदा म्हणून पाहिलं.

"आपला पोटले चालस, मंग मशीनले काय व्हस?" माझ्या अडाणीपणाची त्यांना कीव आली.

ऐन लग्नसराईत, नवरीचा ब्लाउज अर्धा शिवून झालेला असताना, माझं मशीन अडकलं. चाक हलेना. मुंग्यांची ये-जा मात्र सुरळीत चालू होती. आबांनी कान लावला. "तेल कमी पडनं," म्हणाले.

शेवटी ब्लाउज घेऊन मी त्यांच्याच घरी गेले. त्यांच्या बायकोचं, अक्कांचं, मशीन कसं लोण्यासारखं चाले! अक्कांनी कमरेची किल्ली काढून मशीनच्या झाकणाचं कुलूप उघडलं आणि हळूच म्हणाल्या, "किल्ली कोठे ऱ्हास, ते त्यासले सांगू नको."