टपावरून गेलेली गिटार

दर रविवारी चर्चमध्ये प्रभूची प्रार्थना सुरू झाली की दानीएल मकासरे सगळ्यांच्या बरोबरीनं खणखणीत आवाजात म्हणायचा, पण 'जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा केली आहे' ही क्षमेची ओळ आली की तोंड मिटून घ्यायचा. ओळ सरली की पुन्हा सुरू. पलीकडं बायकांच्या बाजूला बसलेली त्याची बायको मार्था डोळे वटारायची आणि हा छताच्या पत्र्याकडं बघत बसायचा. श्रीमंत त्रिभुवन नावाच्या माणसाला क्षमा करायची नाही हे त्यानं ठरवून टाकलं होतं. देवापुढं खोटं बोलण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असं त्याचं म्हणणं.

दानीएल श्रीरामपूरजवळच्या साखर कारखान्यात फिटर होता. त्याआधी बरीच वर्षं मुंबईच्या गोदीत होता. गोदीतली माणसं खलाशांकडून घड्याळं घ्यायची, ट्रान्झिस्टर घ्यायची, बायकोला नायलॉनची साडी घ्यायची. ह्या बहाद्दरानं घेतल्या बेस गिटारी. चार जाड तारांची, विजेवर वाजणारी ही गिटार कानापेक्षा छातीतच जास्त ऐकू येते. एक जर्मन, एक जपानी आणि एक अस्सल अमेरिकन फेंडर एवढी इस्टेट घेऊन तो गावी परतला, तेव्हा म्हाताऱ्या आईनं विचारलं होतं, की बाबा, ह्यातलं खायचं काय?

आणल्या तशा वाजवील तर तो फिटर कसला. फेंडरला खाऱ्या हवेनं गंज चढला होता. खाली तारा जिथं टेकतात ते चारही तुकडे त्यानं जेवणाच्या सुट्टीत लेथवर पितळेचे कातून घेतले. मानेच्या वरच्या टोकाची पट्टी बैलाच्या हाडातून घासून काढली. तारांची थरथर विजेत उतरवणाऱ्या पिकअपची केसासारखी तार हातानं नव्यानं गुंडाळली. तारा मानेवरच्या धातूच्या पडद्यांच्या इतक्या जवळ आणल्या, की बोट नुसतं टेकवलं तरी सूर बोलावा आणि तरी एकही तार भणभणू नये. एवढं साधायला अख्खा उन्हाळा गेला. मार्थानं तोंडानं शिव्या दिल्या आणि हातानं खोळ शिवली, जुन्या गोधडीचं अस्तर आणि वरून आपल्या लग्नातल्या हिरव्या खणाची ठिगळं. पुढं नगरपासून संगमनेरपर्यंत ज्याच्याकडं म्हणून गिटार होती, तो ती नीट करून घ्यायला दानीएलच्याच ओट्यावर येऊ लागला.

श्रीमंत त्रिभुवनचा ऑर्केस्ट्रा होता. शिवाय तो चर्चच्या मंडळीचा पंच, बोलायला साखर. संगमनेरच्या एका कार्यक्रमासाठी त्यानं फेंडर मागून नेली आणि दुसऱ्या दिवशी डोळे पुसत परत आला.

"दानीएलभाऊ, काय सांगू, टपावरनं गेली. यष्टी थांबली म्हनून चा प्यायला उतारलो, तेवढ्यात कुनीतरी हात मारला." असं म्हणत त्यानं पिशवीतून खोळ काढून मार्थाच्या हातात दिली. "वैनी, येवढी तुमची वस्तू ऱ्हायली."

तो गेल्यावर मार्था खोळ उलटसुलट करत म्हणाली, "अवो, चोर टपावर चढला, खोळीची नाडी सोडली, गिटार काढली, न् खोळ घडी घालून ठिवून गेला? लई सभ्य चोर म्हनायचा."

दानीएल तडक चर्चच्या पाळकसाहेबांकडं गेला. त्यांनी विचारलं, पुरावा आहे का? पुरावा म्हणजे एक खोळ. "मग क्षमा करा," ते म्हणाले. पाळकसाहेबांचं काय जातं म्हणायला? चर्चचे पत्रे श्रीमंतनं घालून दिले होते. त्या रविवारपासून दानीएलचं तोंड मिटायला लागलं. त्याला चोरी तर सलत होतीच, पण त्या माणसाचं ते खोटं डोळे पुसणं जास्त सलत होतं. एकदा तरी ह्याला खराखुरा रडताना बघीन, असं तो मनाशी घोकायचा. मार्थानं खोळ ट्रंकेत घालून ठेवली.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, खडी फोडायची कामं निघाली, आणि दानीएलला, सांगू नये पण सांगतो, थोडा आनंद झाला. हवा अशी कोरडी पडली की लाकूड आकसतं. गिटारीची मान मागं झुकते, तारा पडद्यांना घासतात, पडद्यांची टोकं बाहेर येऊन तळहाताला टोचतात. फेंडर कुणाच्या का घरात असेना, ती आता कण्हत असणार. आणि तिचं दुखणं जाणणारा ओटा एकच होता. दानीएल वाट बघत बसला.

कार्तिकात श्रीमंत स्वतः आला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ह्याच्या मनात तर चांदण्याचा कवडसाही दिसेना. खांद्यावर लालभडक रंगाची बेस. ट्रक रंगवणाऱ्याकडून रंगवून घेतलेली, हे कडेला ओघळलेल्या रंगावरून आंधळ्यालाही कळलं असतं.

"नवीन हाय, म्हमईवरनं आनलीया," श्रीमंत म्हणाला. "पर लई भनभन करती. मानंतली सळई पक्कडीनं आवळून बघितली, तर जास्तच."

कोरड्या हवेत ती सळई सैल करायची असते. दानीएलनं गिटार मांडीवर घेतली. रंग लाल असला तरी चारी पितळी तुकडे त्यानंच कातलेले होते आणि हाडाच्या पट्टीवर त्याच्याच कानशीचे ओरखडे होते. त्याचे कान तापले. ओट्यावर हातोडा पडलेला होता. त्यानं तो पायानं लांब सरकवला.

"सुगीपतूर करून ठिवतो," तो म्हणाला.

त्या मंडळीत सुगीच्या सणाची एक रीत होती. घरात, शेतात जे उत्तम असेल ते वेदीवर वाहायचं. उपासनेनंतर त्याचा लिलाव व्हायचा. पण एकदा वेदीवर ठेवलं की ते देवाचं. ज्याच्या नावानं वाहिलं त्यानं ते मागायचं नाही, त्यानं किंवा त्याच्या घरच्यांनी त्यावर बोली लावायची नाही. एका वर्षी कुणीतरी चुकून शेजाऱ्याचाच कोंबडा वाहिला होता, तर तो शेजारीसुद्धा मुकाट्यानं वरणभात जेवला होता.

सळई सैल करून, पडदे घासून दानीएलनं गिटार पहिल्यासारखी बोलती केली. सुगीच्या सकाळी त्यानं मार्थाकडं खोळ मागितली. तिच्या सगळं ध्यानात आलं.

"येदीवर खोटं बोलनार तुमी?"

"बोलनार."

ती उठली. मग ट्रंक उघडून खोळ काढली आणि नाडी स्वतः बांधून दिली.

त्या वर्षीची सुगी म्हणजे ज्वारीची चार वाळकी कणसं, दोन भोपळे, अंडी आणि एक आजारी बोकड. पाळकसाहेबांचा चेहरा उतरलेला. तेवढ्यात दानीएल खोळ घेऊन वेदीकडं गेला आणि त्याच खणखणीत आवाजात म्हणाला, "श्रीमंतभाऊंनी आपली गिटार सुगीला वाहिलीया. मी फकस्त नीट करून आनली."

सगळ्यांच्या माना पंचांच्या बाकाकडं वळल्या. श्रीमंतची नजर खणाच्या ठिगळांवर खिळली होती. त्याचा चेहरा पांढरा पडला. आता बोल, दानीएल मनात म्हणत होता. म्हण, माझी हाय. म्हण, म्हमईची हाय. मग तिला खोळीचं माप बरोबर कसं बसलं ते मी विचारतो.

श्रीमंत उठला. त्यानं हात जोडले, डोळे पुसले. अगदी तसेच. "व्हय," तो म्हणाला. "आसल्या दुष्काळात देवाला रिकाम्या हातानं कसं यावं? जी जिवाची वस्तू, ती दिली."

चर्चमध्ये टाळ्या पडल्या. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पाळकसाहेबांनी त्याला वेदीपाशी बोलावून डोक्यावर हात ठेवला आणि नाताळाचा सगळा कार्यक्रम त्याच्या हाती सोपवला. लिलावात बेस गिटार घेणारं दुसरं कोण असणार? ज्वारीच्या भावात ती दानीएलला सुटली.

घरी आल्यावर त्यानं रंग खरवडायला घेतला. मार्था शेजारी बसली.

"आली न्हवं घरी?"

"आली."

"मग तोंड आसं का?"

"त्याला रडवायचं हुतं मला, मार्था. त्यो रडला, न् लोकांनी त्याच्या पाया पडायचं बाकी ठिवलं."

पुढच्या रविवारी प्रार्थनेत ती ओळ आली. पुढच्या बाकावरून श्रीमंतचा आवाज सगळ्यांच्या वर चढला. ओळ म्हणता म्हणता त्यानं मागं वळून दानीएलकडं बघितलं, मायेनं, जणू क्षमा त्यानंच केली होती.

दानीएलनं ओठ घट्ट मिटून घेतले. पाऊस अजून लांब होता, हवा कोरडीच होती, आणि श्रीमंतच्या ऑर्केस्ट्रात अजून दोन गिटारी होत्या.