मेलं का झोपलं?

हिंगोली नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं तेव्हाची गोष्ट. खेकड्याच्या पोटातल्या एका एन्झाइमवर मी पीएच.डी. करत होतो आणि हे चारचौघांत सांगायची सोय नव्हती. लोक आधी हसत, मग विचारत, "रस्सा कसा होतो पण?" माझ्या सदऱ्यांना असा वास लागला होता, की कॉलेजातले प्राध्यापक मला डबा खायला बोलवेनासे झाले. मीही कुणाच्या दारात गेलो नाही. स्वभाव मुळात तिरसट, त्यात एकटेपणाचं खतपाणी.

दर रविवारी मात्र माझ्याकडे एक माणूस यायचा, माझा बाप. सेनगावच्या बाजूला आमचं गाव. आई गेल्यापासून घरात तो आणि मेंढरं एवढंच उरलं होतं. ओढ्याकाठी मेंढरं चरायला सोडून तो बिळांत हात घालून खेकडे काढायचा, पत्र्याच्या डब्यात ओल्या गवतावर ठेवायचा आणि एसटीने घेऊन यायचा. डब्यातली खरखर ऐकून शेजारचा माणूस कसा उठून गेला, ते मोठ्या कौतुकाने सांगायचा.

रविवारी प्रयोगशाळेत आम्ही दोघंच. बा स्टुलावर बसून बघत राही. एन्झाइमने काम केलं की नळीत पिवळा रंग चढतो, एवढं मी त्याला समजावलं होतं. त्यात मिथेनॉल, म्हणजे एक तऱ्हेचं स्पिरिट, वाढवावं तसं एन्झाइम मंदावे आणि तो रंग फिका होत जाई.

"मेलं का झोपलं?" बा विचारायचा. मेंढरू आडवं पडलं की हाच त्याचा पहिला सवाल.

"ते बघायलाच तर पाणी घालून राहिलो."

मिथेनॉल बेताचं असेल तर पाणी वाढवल्यावर रंग पुन्हा चढायचा. फार झालेलं असेल तर कितीही पाणी घाला, नळी फिकीच. रंग चढला की बा खूश व्हायचा, जणू त्यानेच हाक मारून उठवलं. मग आम्ही स्टँडवर भजी खायचो आणि तो परतीच्या गाडीत बसायचा. याच्यापलीकडे आमचं बोलणं नव्हतं. आईबद्दल तर कधीच नाही.

प्रयोग संपले तेव्हा मी सहज बोलून गेलो, "बा, आता खेकडे न्हाई लागत."

"बरं झालं," तो म्हणाला. "तुही तकलीफ गेली." आणि रिकामा डबा घेऊन गेला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी उगाच स्टँडवर जाऊन सेनगावची गाडी रिकामी होईपर्यंत उभा राहायचो. आधी त्याचा राग आला, मग माझा. इतकं एकटं मला त्या गावात कधी वाटलं नव्हतं. शेवटी मीच गावाकडची गाडी धरली.

बा दारातच बसला होता. भिंतीशी अर्धा कापलेला ड्रम होता आणि त्यातल्या वीतभर पाण्यात खेकडे एकमेकांवर चढत होते.

"हे काहून धरले?"

"असेच," माझ्याकडे न बघता तो म्हणाला. "लागले तर असावेत."

माझा प्रबंध टाइप होऊन बांधायला गेला होता. मला एकाही खेकड्याची गरज नव्हती.

"लागतात," मी म्हणालो. "पण तूच घेऊन ये, बा. मला न्हाई नेता येत."