बिनशिक्क्याचं पत्र

शिक्केकाकांचा उजवा हात काकांचं ऐकत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. एकतीस वर्षं मोठ्या टपाल कार्यालयात उभं राहून त्यांनी पत्रांवर शिक्के मारले. शाईच्या गादीवर एक, तिकिटावर एक. ठक्-धप्प, ठक्-धप्प. काका निवृत्त झाले, हात झाला नाही. जेवणाच्या टेबलावर तो चालूच राहिला. वाटी आली की वाटीवर, वर्तमानपत्र आलं की त्यातल्या मंत्र्याच्या कपाळावर. शेवटी लोक मुलाला शाळेत सोडतात तसं बायकोनंच त्यांना राष्ट्रीय टपाल संग्रहालयात नेऊन सोडलं. तिथं त्यांना एक टेबल मिळालं आणि त्यांची स्वतःची जुनी हातोडी मिळाली, एका बाजूला तारखेचा शिक्का बसवलेली. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कार्डावर शिक्का मारून द्यायचा, एवढंच काम. काका वयानं दहा वर्षांनी लहान झाले.

हे संग्रहालय एका चिवट माणसामुळे उभं राहिलं. कधीकाळी एका पोस्टमास्तरनं जुने कंदील, पितळी मोहरा, फाटक्या टपालथैल्या भंगारात जाताना बघितल्या आणि जिन्याखालच्या खोलीत लपवून ठेवल्या. वरिष्ठांनी विचारलं तेव्हा त्यानं एक वही काढून पहिल्या पानावर लिहिलं, ‘खात्याचं काम कसं चालायचं, ते पुढच्यांना दिसावं म्हणून.’ जिन्याखालची खोली वाढत वाढत तीन मजली झाली. वही अजून आहे.

त्या दिवशी दुपारी तीनला नवं दालन उघडायचं होतं. दालनाचा मानकरी होतं एक पत्र. जुनं कार्यालय पाडताना पत्रं लावायच्या खणांच्या मागे ते सापडलं होतं. सत्तर वर्षं तिथंच अडकलेलं. पत्त्यावरचं घर राहिलं नव्हतं, माणसंही सापडली नाहीत. तिकीट लावलेलं, पण त्यावर शिक्का नाही. पेटीतून कार्यालयात आलं, पण शिक्का बसायच्या आधीच खणामागे घसरलं. साऱ्या संग्रहालयात असं पत्र एकच.

अकराच्या सुमारास संग्रहपाल बाई ते फायलीवर ठेवून घेऊन आल्या. काचपेटीचं कुलूप अडलं होतं. “काका, एक मिनिट लक्ष ठेवा,” म्हणून त्यांनी फाईल टेबलावर ठेवली आणि त्या किल्ली शोधायला गेल्या. टेबलावर एका शाळेच्या सहलीची कार्डं पडली होती. काका दारवानाला जावयाच्या नव्या मोटारीची गोष्ट सांगत होते. तोंड मोटारीत, हात कार्डांत. अठरा कार्डं झाली. एकोणिसाव्याला हातानं एवढंच बघितलं की तिकीट आहे आणि शिक्का नाही.

ठक्-धप्प.

आवाज वेगळा आला. जुना कागद जरा दबका वाजतो. काकांनी खाली बघितलं आणि जावयाची मोटार जागच्या जागी बंद पडली.

“पुढं काय झालं?” दारवान म्हणाला.

“पुढं काही नाही,” काका म्हणाले. त्यांनी पत्र फायलीत सरकवलं. बाई आल्या, फाईल न उघडताच काखेत मारली. “आता तीनलाच उघडते, उगाच उजेड नको.”

शाई पुसण्याचा प्रश्नच नव्हता. तेलातली शाई. ‘माणूस जातो पण ही जात नाही,’ असं काकाच शाळेच्या पोरांना छातीठोकपणे सांगायचे. त्यांनी जिन्यात जाऊन घरी फोन लावला.

“शिक्का मारला गं,” ते कुजबुजले.

“मग? दुसरं काय मारता तुम्ही?”

“त्या पत्रावर. तीनच्या.”

पलीकडे गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग बायको म्हणाली, “बाईंना सांगा.”

“हातोडी काढून घेतील.”

“तीनला सगळ्यांसमोर कळलं तर काय देतील, हार?”

काका परत टेबलाशी बसले. कुणी जवळून गेलं की ते उगाच कार्डं नीट लावू लागत. झाडूवाली म्हणाली, “काका, पंखा लावू? घाम बघा किती.” त्यांना वाटलं, हिलाही कळलंय. जेवणाचा डबा उघडला आणि तसाच मिटला. साऱ्या जन्मात एक पत्र हरवलं नव्हतं, फाटलं नव्हतं. आणि आता म्हातारपणी, चोराच्या मनात चांदणं. घड्याळ अडीच म्हणालं, तसे ते उठले.

बाईंच्या खोलीत त्यांनी उभ्यानंच सांगितलं. बाईंनी फाईल उघडली. भिंग घेतलं. काकांना स्वतःच्या छातीतली ठक्-धप्प ऐकू येत होती.

“आजची तारीख,” बाई म्हणाल्या.

“हो.”

“नेमका बसलाय.”

“जरा डावीकडं गेलाय,” काकांच्या तोंडून निघून गेलं. मग त्यांनी जीभ चावली.

बाईंनी भिंग खाली ठेवलं. वर उत्तर त्यांनाच द्यायचं होतं. त्यांनी कपाटातून ती वही काढली, पहिलं पान बघितलं, काचपेटीसाठी छापलेली पाटी फाडली आणि नवी हातानं लिहायला घेतली. ‘सत्तर वर्षं खणामागे राहिलेलं पत्र. आज सकाळी एका जुन्या कर्मचाऱ्याच्या हातून, निव्वळ सवयीनं, शिक्का बसला.’

“खरं तेच लिहिते. पुढं माझं काय व्हायचं ते होईल,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढं केला. “हातोडी.”

“बाई...”

“पत्राशेजारी ठेवायची. पाटी वाचून लोक विचारणारच, कशानं मारला म्हणून.”

काकांनी ती दिली. लाकडी दांड्यावर त्यांच्या अंगठ्याचा खळगा पडला होता.

तीनला पाहुणे आले, काचेवर वाकले, पाटी दोनदा वाचली. काका सगळ्यांच्या मागे, टपालथैल्यांच्या ढिगाआड उभे होते. पाहुणे हसले की त्यांनी भुवया चढवल्या, ते त्यांना शेवटपर्यंत दिसलं नाही. दिसत होती ती काचेआडची हातोडी, कुलपात. आणि मांडीवर त्यांचा रिकामा हात, ठक्-धप्प, ठक्-धप्प, थांबायचं नाव घेत नव्हता.